वाचक विचारतात : नवा गिटारवाला, जुना बँड

मागच्या अंकात मी डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या १९९६ सालच्या 'पर्पेंडिक्युलर' या अल्बमवर पानभर लिहिलं होतं. स्टीव्ह मोर्स हा नवा गिटारवादक आल्यावरचा हा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम, आणि बँडच्या उत्तरायुष्यातलं हेच सर्वांत चांगलं काम, असं माझं म्हणणं होतं. त्यावर आलेली पत्रं पाहून संपादक खूश झाले. मला मात्र जरा धडकी भरली, कारण निम्मी पत्रं भांडायला आलेली आहेत. तेव्हा भांडणापासूनच सुरुवात करू.

प्रश्न (कोल्हापूर) : रिची ब्लॅकमोर नसलेला डीप पर्पल म्हणजे बालगंधर्व नसलेली गंधर्व नाटक मंडळी. तुम्ही उगाच त्या मोर्सला डोक्यावर घेता. मूळ माणूस गेला की दुकान बंद करावं, हे बरं नाही का?

उत्तर : तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे गाडी गंधर्वांपर्यंत जाणारच. आणि तुमचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखंही नाही. 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ, म्हणजे ती फिरून फिरून येणारी गिटारीची ओळ, ज्यानं दिली त्या मूळ गिटारवाल्याच्या जागी उभं कोणाला करायचं? पण एक लक्षात घ्या, ब्लॅकमोरला कुणी काढलं नव्हतं. १९९३ च्या 'द बॅटल रेजेस ऑन'साठी गायक इयन गिलनला परत बोलावलं, ते ब्लॅकमोरला पटलं नव्हतं. त्या दौऱ्यातल्या बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाचं चित्रण मिळालं तर जरूर बघा. 'हायवे स्टार' सुरू होतं, गिलन गातोय, आणि गिटारवाल्याचा पत्ता नाही. येतो तो उशिरा, आणि आल्यावर कॅमेऱ्याच्या दिशेनं पाणी भिरकावतो. त्याच नोव्हेंबरात हेलसिंकीचा कार्यक्रम झाला आणि तो निघून गेला.

डिसेंबरात जपानचे कार्यक्रम ठरलेले होते. जो सॅट्रिआनी हा गिटारवादक धावून आला, पुढच्या उन्हाळ्यातला युरोपचा दौराही त्यानंच निभावला. पण त्याचे स्वतःचे अल्बम होते, स्वतःचे करार होते, तो कायमचा राहणं शक्य नव्हतं. मग मोर्स आला. जन्म १९५४ चा, ओहायोतला. मायामी विद्यापीठात संगीत शिकलेला. 'डिक्सी ड्रेग्ज' या बँडमध्ये रॉक, जॅझ आणि कंट्री यांचं एकत्र कालवण करून निव्वळ वाद्यसंगीत वाजवणारा, पुढे काही वर्षं 'कॅन्सस'मध्ये. मधल्या काळात चक्क विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी. १९९४ च्या नोव्हेंबरात मेक्सिको सिटीत तो पहिल्यांदा पर्पलबरोबर उभा राहिला.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. उमेदीची वर्षं मी ऑर्केस्ट्रात काढली. गणपती, नवरात्र, शिवाजी मंदिरातले प्रयोग. ऑर्केस्ट्रात बदली वादकाला एकच हुकूम असतो : रेकॉर्डसारखं वाजव. पंचमदांच्या गाण्याच्या सुरुवातीची गिटार एका सुरानं जरी हलली, तरी पहिल्या रांगेतले काका बाजूच्याकडे बघतात, आणि मध्यंतरात संयोजक येऊन पाकिटाविषयी सूचक बोलतो. त्याचंही बरोबर असतं म्हणा. लोकांनी तिकीट त्याच गिटारीसाठी काढलेलं असतं. मोर्सनंही रंगमंचावर जुन्या गाण्यांतल्या ओळखीच्या जागा सांभाळल्याच की.

स्टुडिओत मात्र हा हुकूम चालत नाही, आणि कितीतरी बँड नेमके तिथेच फसतात. नवा माणूस आणतात आणि त्याच्याकडून जुन्याचं काम करून घेतात. 'पर्पेंडिक्युलर'मध्ये तसं झालेलं नाही. गाण्यांवर पाचही जणांची नावं आहेत, मोर्सला पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसवलेलं नाही. पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे, आणि मागच्या अंकात जागेअभावी तो नीट आलाच नाही. नव्या गिटारवाल्यानं काय केलं हे त्याच्या गिटारीत कमी आणि बाकीच्या चौघांत जास्त ऐकू येतं.

ऑर्गन वाजवणाऱ्या जॉन लॉर्डकडे कान द्या. ब्लॅकमोर असताना गिटार आणि हॅमंड ऑर्गन यांचा सवाल-जवाब चालायचा. रंगायचा जबरदस्त, पण शेवटी एकानं दुसऱ्याला गप्प करायचं, असा त्याचा बाज. इथे 'कॅस्केड्स : आय ॲम नॉट युवर लव्हर' ऐका. गिटार आणि ऑर्गन भराभर उतरणाऱ्या तानांत एकमेकांना गाठतात, आणि कोण कोणाच्या मागून येतंय हे कळेनासं होतं. लॉर्ड आपला हॅमंड मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवायचा, त्यामुळे त्याचा आवाज मुळातच गिटारीसारखा खरखरीत. त्या खरखरीचा मोर्सनं फायदा करून घेतला.

आणि गिलन! ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षी तो पन्नाशीला आला. 'चाइल्ड इन टाइम'च्या किंकाळ्यांचं वय मागे पडलेलं. 'वावूम : टेड द मेकॅनिक'मध्ये तो गातच नाही म्हणा ना, बारमध्ये शेजारी बसून एखाद्या माणसाची गोष्ट सांगावी तसं अर्धवट बोलतो. गिटार सतत वरच्या पट्टीत नेण्याची जबरदस्ती करत नाही, म्हणून त्याला हे जमतं. इयन पेसचे ड्रम्स तर या अल्बममध्ये मला तरुण वाटतात.

ब्लॅकमोर मोठा की मोर्स, या वादात मी पडणार नाही. ब्लॅकमोर मोठा. पण १९९३ चा अल्बम आणि हा अल्बम लागोपाठ ऐका आणि कुठल्या खोलीत माणसं एकमेकांशी बोलत होती ते मला कळवा. पत्राचं उत्तर देईन.

प्रश्न (नाशिक) : माझा मुलगा म्हणतो की डीप पर्पल हेवी मेटल नाहीच, तो नुसता हार्ड रॉक. तुम्ही त्यांना मेटलच्या सदरात कसे काय घेतले?

उत्तर : चिरंजीवांना सांगा, वर्गवारी नंतर झाली, संगीत आधी झालं. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारीतला, 'डीप पर्पल इन रॉक' त्याच जूनमधला. लेड झेपेलिन धरून या तीन इंग्लिश बँडनी जे पेरलं त्यातूनच पुढचं सगळं उगवलं. १९८३ मध्ये तर गिलन खुद्द ब्लॅक सॅबथमध्ये जाऊन 'बॉर्न अगेन' हा अल्बम गाऊन आला. मेटॅलिका या मेटल बँडचा ड्रमर लार्स उलरिक लहानपणी कोपनहेगनला डीप पर्पलचा कार्यक्रम पाहून या नादाला लागला, आणि २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा सन्मान झाला तेव्हा त्यांच्याविषयी बोलायला तोच उभा होता. मुलगा मेटॅलिका मानत असेल तर एवढ्यावर भागेल. नसेल मानत, तर जेवण वाढून घ्या आणि विषय बदला.

प्रश्न (पुणे) : सर, मी अकरावीत आहे, दोन वर्षं गिटार शिकतोय. 'टेड द मेकॅनिक'च्या सुरुवातीला गिटार जी मध्येच किंचाळते ती मला येत नाही. यूट्यूबवर बघून केलं तर नुसतं 'टक' असं वाजतं. काय चुकतंय?

उत्तर : हा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बाकी कुणी वाजवण्याबद्दल विचारलेलंच नाही.

त्याला पिंच हार्मोनिक म्हणतात. पिक अगदी टोकाशी धर, अंगठ्याच्या बाहेर ते जेमतेम डोकावलं पाहिजे. खालच्या दिशेनं तार छेड आणि पिक तारेवरून निघता निघता अंगठ्याच्या कडेचा तारेला ओझरता स्पर्श होऊ दे. तारेचा मूळ स्वर त्या स्पर्शानं दबतो आणि तिच्यात आधीच लपलेला एखादा वरचा स्वर मोकळा होतो. तानपुऱ्याची पंचमाची तार आणि खर्ज नीट लागले की न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तो याच घरातला. तानपुऱ्यात तो आपोआप येतो, इथे अंगठ्यानं बाहेर काढावा लागतो.

तुझं 'टक' होतंय, म्हणजे अंगठा तारेवर रेंगाळतोय. स्पर्श झाला की हात लगेच उचल. दुसरं, जागा. सगळे डाव्या हाताकडे बघत बसतात, पण हे काम उजव्या हाताच्या जागेचं आहे. डाव्या हातानं एकच स्वर धरून ठेव आणि उजवा हात ब्रिजपासून फ्रेटबोर्डाच्या टोकापर्यंत अगदी थोडा थोडा सरकवत छेडत जा. काही ठिकाणी काहीच निघणार नाही, काही ठिकाणी एकदम शिट्टी. ती ठिकाणं लक्षात ठेव. आणि डाव्या हातानं स्वर बदललास की तारेची लांबी बदलते, म्हणजे ती ठिकाणंही सरकतात. मोर्स रिफच्या मधोमध हे स्वर पेरतो, तेही तालात, म्हणून ती रिफ दिसते त्यापेक्षा अवघड आहे. ब्रिजजवळचा पिकअप लाव, डिस्टॉर्शन थोडं वाढव. स्वच्छ आवाजात हे स्वर निघतात, पण दबकत.

आणखी एक. मोर्सचा वेग ऐकून घाबरू नकोस. तो जवळजवळ प्रत्येक स्वर वेगळा छेडतो, एक खाली, एक वर. सतारवाले 'दा रा दा रा' म्हणतात तेच. मेट्रोनोम साठवर लावून सुरुवात कर. शेजारी तक्रार करतील, पण ती तुझ्या आईबाबांकडे जाईल.

प्रश्न (ठाणे) : १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत आले होते तेव्हा मी होतो. त्यात एक अनोळखी गाणं वाजलं होतं. माझ्या मते ते 'टेड द मेकॅनिक'. पण अल्बम तर १९९६ चा. माझी बायको म्हणते मला भास झाला.

उत्तर : वहिनींना हे उत्तर वाचायला द्या. भास नव्हता. ८ एप्रिल १९९५ च्या त्या कार्यक्रमाचं चित्रण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' या नावानं डीव्हीडीवर आलं. त्यात हे गाणं आहे, फक्त तेव्हा मेकॅनिकचं नाव टेड नव्हतं, केन होतं. अल्बमच्या शेवटी येणारं 'द पर्पेंडिक्युलर वॉल्ट्झ'ही त्या रात्री वाजलं. अल्बमचं काम त्याच वर्षी फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळच्या एका स्टुडिओत चालू होतं. ते फेब्रुवारीत सुरू झालं आणि ऑक्टोबरपर्यंत चाललं. मधल्या काळात बँड दौरे करत होता आणि कच्ची गाणी लोकांसमोर वाजवून बघत होता. म्हणजे जगातल्या बहुतेकांनी ते गाणं ऐकलं त्याच्या दहा महिने आधी मुंबईकरांनी ऐकलं.

मीही होतो तिथे, पार मागे. खरं सांगायचं तर नव्या गाण्यांच्या वेळी आमच्या आसपासची मंडळी वडापाव शोधायला गेली होती. लोक 'स्मोक ऑन द वॉटर'साठी आले होते, ते मिळालं, तेव्हा आरडाओरडाही भरपूर झाला. मोर्सला येऊन पाच महिनेही झाले नव्हते. माझं लक्ष त्याच्या उजव्या मनगटाकडे होतं, तेवढ्या अंतरावरून जेवढं दिसेल तेवढं. एवढं वाजवून मनगट हलल्यासारखं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑर्केस्ट्रातल्या ड्रमरला सांगितलं तर तो म्हणाला, "तू मागे उभा होतास म्हणून." असेल.

पुढच्या वर्षी अल्बम आला तेव्हा काळ्या घोड्याजवळच्या रिदम हाऊसमध्ये मी तो हेडफोन लावून ऐकला, आणि केनचा टेड झाल्याचं तिथे कळलं.

प्रश्न (नागपूर) : कल्पना चावला यांनी अवकाशात डीप पर्पलची सीडी नेली होती असे ऐकले आहे. हे खरे आहे का? कोणती?

उत्तर : खरं आहे. 'मशीन हेड' आणि 'पर्पेंडिक्युलर'. तिसरी तबकडी ब्लॅकमोरच्या 'रेनबो' या बँडची. पहिली निवड कुणाचीही असू शकते, 'मशीन हेड' म्हणजे १९७२ चा जगन्मान्य अल्बम. पण मर्यादित सामान न्यायची मुभा असताना दुसरा पर्पल अल्बम म्हणून १९९६ चा हा निवडावा, यावरून त्या किती मनापासून ऐकत असतील ते कळतं. कर्नालहून निघून ह्यूस्टनपर्यंत गेलेल्या या बाईंची पसंती आणि माझी पसंती एकच निघाली, याचा मला आनंद आहे. कोल्हापूरकरांनी नोंद घ्यावी.

कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ ला परतताना कोसळलं. बँड तेव्हा 'बनानाज' या पुढच्या अल्बमवर काम करत होता. मोर्सनं त्यासाठी 'कॉन्टॅक्ट लॉस्ट' ही छोटी, शब्दांशिवायची रचना केली, ती अल्बमच्या शेवटी आहे. दीड मिनिटही नाही. वेगाचा एवढा धनी माणूस, पण तिथे त्यानं एकही जलद स्वर वाजवलेला नाही.

प्रश्न (सातारा) : नवा गिटारवादक घेऊन अल्बम करण्याचा प्रयोग पर्पलनी १९७५ मध्येही केला होता ना? टॉमी बोलिन. तो अल्बम चांगला असूनही बँड मोडला. मग तुमचा सिद्धांत कुठे राहिला?

उत्तर : या वेळच्या पत्रांतलं हे सर्वांत टोकदार पत्र. प्रश्न बरोबर आहे, आणि 'कम टेस्ट द बँड' अल्बमही खरंच चांगला आहे.

ब्लॅकमोर पहिल्यांदा गेला तो १९७५ मध्ये. गायक डेव्हिड कव्हरडेलनं बिली कॉबमचा 'स्पेक्ट्रम' हा जॅझ-रॉकचा अल्बम ऐकला होता, त्यात गिटार बोलिनची. आयोवातला पोरगा, वय चोवीस. म्युनिकमध्ये काही आठवड्यांत अल्बम झाला. त्यातही बोलिनला कुणी ब्लॅकमोर बनवलेलं नाही. बहुतेक गाण्यांच्या रचनेत त्याचा हात आहे, फंक आहे, स्लाइड गिटार आहे, तेव्हाचा बेसवादक ग्लेन ह्यूज याला आवडेल असं बरंच काही आहे. माझं मत विचाराल तर 'गेटिन टायटर' हे त्या काळातल्या पर्पलच्या सर्वांत मोकळ्या गाण्यांपैकी एक. म्हणजे स्टुडिओपुरतं माझं म्हणणं तिथेही टिकतं.

घात झाला तो स्टुडिओबाहेर. प्रेक्षक 'ब्लॅकमोर कुठे?' म्हणून ओरडायचे, आणि बोलिनला ते सोसत नव्हतं. हेरॉइनचं व्यसन होतंच. १९७५ च्या डिसेंबरात तोक्योला तो उभा राहिला तेव्हा त्याचा डावा हात धड चालत नव्हता. गिटारवाल्याचा डावा हात! त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड पुढे निघाली. ऐका, पण एकदाच. गिटारनं वाजवायचं ते लॉर्ड ऑर्गनवर भरून काढतोय, आणि ते ऐकताना मला, या धंद्यात राहिलेल्या माणसाला, घाम फुटतो. शेजारचा वादक पडत असताना गाणं पुढे न्यायचं, हे काम मी केलेलं आहे. मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूलला शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच डिसेंबरात बोलिन वारला. पंचवीस वर्षांचा होता.

मोर्स आला तेव्हा चाळिशीचा, संसारी, दारू-नशेपासून लांब, विमान उडवून झालेला. बोलिनजवळ गुण कमी होते म्हणून तो हरला, असं मी म्हणणार नाही. त्याच्या वाट्याला आलेले प्रेक्षक वेगळे होते, ब्लॅकमोर जाऊन त्यांच्या दृष्टीनं दोन दिवस झाले होते. आणि बँडमधल्या कुणालाच त्या वेळी दुसऱ्याकडे बघायला फुरसत नव्हती.

प्रश्न (बदलापूर) : आयर्न मेडनचा 'नो प्रेयर फॉर द डाइंग' पण नवीन गिटारिस्टचा अल्बम. त्यावर तुम्ही काहीच लिहीत नाही. मेडनचा राग आहे का?

उत्तर : राग कसला, १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनचा कार्यक्रम झाला तेव्हा मी आमच्या क्लासची पोरं घेऊन गेलो होतो.

१९९० मध्ये ॲड्रियन स्मिथ सोडून गेला आणि यानिक गर्स आला. हा गर्स त्याआधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, इयन गिलनच्या 'गिलन' या बँडमध्ये गिटार वाजवत होता. निर्माता मार्टिन बर्च, म्हणजे 'कम टेस्ट द बँड' ज्यानं केला तोच माणूस. आणि ध्वनिमुद्रण मेडनचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस याच्या एसेक्समधल्या कोठारात, बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ उभा करून. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला 'मशीन हेड' मुद्रित झाला तो याच गाडीत. बघा, तुम्ही मेडनबद्दल विचारलंत आणि मी फिरून पर्पलवर आलो.

अल्बम मला कोरडा वाटतो. आधीच्या दोन अल्बमवरची सिंथेसायझरची झिलई काढायची होती, ती काढली, पण गाणीही बारीक झाली. गर्सचा दोष त्यात मला दिसत नाही, त्याला तयार होत आलेल्या घरात शेवटची खोली मिळाली. स्मिथ १९९९ मध्ये परत आला तेव्हा त्यांनी गर्सला घालवलं नाही, तीन गिटार ठेवल्या. मुंबईत तिघंही होते. गर्स गिटार गळ्याभोवती फिरवतो, ते आमच्या क्लासमधल्या एकानं घरी करून पाहिलं. ट्यूबलाइट गेली.

प्रश्न (न्यू जर्सी) : इथल्या महाराष्ट्र मंडळात आम्ही तीन-चार जण पर्पलवेडे आहोत. मोर्सनंतरचा सायमन मॅकब्राइड कसा वाटतो? त्याच्यावर लिहाल का?

उत्तर : लिहीन, पण घाईनं नाही. मोर्स २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे बाजूला झाला. बेलफास्टचा मॅकब्राइड आधी पर्यायी म्हणून आला आणि मग कायम झाला. २०२४ च्या जुलैत त्याच्यासह पहिला अल्बम निघाला, नाव नुसतं बरोबरच्या चिन्हापुढे एक. त्याचा आवाज मोर्सपेक्षा जाड आहे, ब्लूजकडे झुकलेला, आणि जुन्या मंडळींना त्यात ब्लॅकमोरची आठवण येते. मला ती येते तेव्हा मी जरा सावध होतो. आता ऑर्गनवर डॉन एअरी आहे, लॉर्डनं २००२ मध्येच बँड सोडला, २०१२ मध्ये तो वारला. म्हणून सध्या मी एअरी कसा वाजवतोय तेच ऐकतोय, गिटारीकडे नंतर येईन. तुम्ही चौघं जमून ऐकाल तेव्हा भांडण काय झालं ते कळवा.

प्रश्न (सोलापूर) : मी बँकेत नोकरीला आहे, रॉकमधलं मला काही कळत नाही. तुमचा लेख वाचून अल्बम लावला, पहिली तीन गाणी ऐकली, तिसऱ्याला बंद केला. एकच गाणं सांगा, आवडलं तर पुढे जाईन.

उत्तर : तिसऱ्याला बंद केलात हे बरंच झालं. 'सून फरगॉटन' मलाही आवडत नाही, आणि ते तिसऱ्या क्रमांकावर कुणी ठेवलं हे मला आजवर उमगलेलं नाही. अल्बम तासाभराहून लांब आहे. सीडीवर जागा मिळाली म्हणून भरली, अशी ती वर्षं होती. त्यातली दोन गाणी मी आनंदानं काढून दिली असती.

तुम्ही फक्त पुढचं, चौथं गाणं ऐका : 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'. साडेसात मिनिटांचं आहे. सुरुवातीला गिटारीचे सुटे स्वर एकेक करून पडत जातात, आवाज स्वच्छ, कुठे खरखर नाही. मग गिटारीचीच एक लांब ओळ येते, ती गुणगुणता येईल इतकी सोपी आहे. गिलन हळू आवाजात सुरू करतो, आणि नावात किंकाळी असूनही बराच वेळ तो ती रोखून धरतो. बँड पूर्ण ताकदीनं उतरतो तेव्हाही ती लांब ओळ हरवत नाही, फिरून फिरून येते, आणि शेवटी मोर्स तिच्यावरच खेळत राहतो. या गाण्याला रॉक कळायची गरज नाही.

आवडलं तर मग 'दी एव्हिएटर', ते अकूस्टिक गिटारीवरचं, वैमानिक गिटारवाल्याला शोभेलसं. त्यानंतर 'लूझन माय स्ट्रिंग्ज'. 'टेड' शेवटी. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, रॉजर ग्लोव्हरचा बेस त्यातून बाहेरच येत नाही. बँकेत जाताना बसमध्ये इअरफोन लावलेत तरी चालेल.